समुद्राची रोजकीर्द

इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या किंवा बेळगावच्या रेल्वे स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाचे लक्ष पिवळ्या फलकावरील गावाच्या नावाकडे जाते. त्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेली ओळ मात्र सहसा कोणी वाचीत नाही. ‘समुद्रसपाटीपासून उंची अमुक मीटर’, अशी ती ओळ असते. ज्या गावच्या माणसाने आयुष्यात समुद्र पाहिला नसेल, त्याच्याही गावाची उंची समुद्रापासूनच मोजावी लागते, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. पण त्याहून मौजेचा प्रश्न पुढे उभा राहतो. समुद्राला सपाटी असते कुठे? दिवसातून दोनदा तो चढतो आणि दोनदा उतरतो. अवस-पुनवेला उधाणतो, अष्टमीला भांग लागून मंदावतो. पावसाळ्यात त्याची एक रीत, हिवाळ्यात दुसरी. मग ज्या सपाटीपासून ग्वाल्हेरचा किल्ला आणि म्हैसाळचा बंधारा मोजला जातो, ती सपाटी कोणी पाहिली?

ती कोणीच पाहिलेली नाही. ती लिहून काढावी लागली. समुद्राच्या चढउताराची नोंद वर्षानुवर्षे, घटकेघटकेला ठेवून, त्या साऱ्या नोंदींची सरासरी काढून ती हाती आली. आम्ही ह्या लेखात त्या नोंदवहीची हकीकत सांगणार आहोत. ती कोणत्या यंत्राने लिहिली, कागदावरून फितीवर आणि फितीवरून विद्युत्स्मृतीवर ती कशी उतरली, आणि ह्या स्थलांतरात काय मिळाले व काय गमावण्याची भीती आहे, हे वाचकांपुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे. विषय यंत्रांचा असला तरी तो आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो, हे शेवटी दिसून येईल.

किनाऱ्यावरच्या लोकांना भरती-सुकतीचे ज्ञान नव्हते असे नाही. आपले पंचांग उघडून तिथी पाहिली की कोळी बांधवास भरती केव्हा लागेल हे तोंडपाठ असते. भरतीची वेळ दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र तितका पुढे सरकलेला असतो, हा हिशेब कोणत्याही शाळेत न जाता पिढ्यान् पिढ्या चालत आला. गोव्यातील खाजनांची व्यवस्था तर ह्या ज्ञानाचा मूर्तिमंत पुरावाच आहे. खाडीकाठची सखल जमीन बांध घालून अडवावयाची आणि बांधात मानस बसवावयाची. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की मानसीची लाकडी दारे आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतले पाणी रेटा देऊ लागले की ती आपोआप उघडतात. माणसाने कळ फिरवावी लागत नाही. खाऱ्या पाण्याशी असा समझोता करून कोरगुटाचे भात पिकविणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनी समुद्राला चांगले ओळखले होते.

परंतु ह्या ज्ञानाला एक मर्यादा होती. भरती ‘केव्हा’ येणार हे त्यातून समजे. ती ‘किती’ येणार हे अंदाजाने समजे. आणि आजची भरती आजोबांच्या काळच्या भरतीहून बोटभर अधिक आहे की काय, हे मात्र मुळीच समजत नसे. स्मृतीला बोटभर फरक मोजता येत नाही. त्यासाठी लेखी नोंद लागते, आणि तीही एका हाताने, एका मापाने, न चुकता ठेवलेली.

असे लिहिणारे पहिले स्वयंचलित यंत्र इंग्लंडात हेन्री पामर नावाच्या अभियंत्याने १८३१ साली जगापुढे मांडले. त्याची रचना इतकी सोपी आहे की वाचकांस ती शब्दांनीच समजेल. धक्क्याच्या कडेला एक उभा नळ किंवा विहीर बांधावयाची आणि तिच्या तळाशी समुद्राचे पाणी आत येण्यापुरते लहानसे भोक ठेवावयाचे. भोक लहान असल्यामुळे बाहेरच्या लाटांची खळबळ आत पोहोचत नाही. भरती-ओहोटीचा संथ चढउतार तेवढा पोहोचतो. विहिरीतील पाण्यावर एक पोकळ तरंगक सोडलेला असतो. त्याची तार वर एका चाकावरून जाते. पाणी चढले की तरंगक चढतो, चाक फिरते, आणि चाकाला जोडलेली लेखणी कागदावर वर किंवा खाली सरकते. कागद एका नळकांड्यावर गुंडाळलेला असून ते नळकांडे घड्याळाच्या गतीने फिरत असते. दिवस संपला म्हणजे त्या कागदावर डोंगर-दऱ्यांची एक रेषा उमटलेली दिसते. ती रेषा म्हणजे समुद्राने स्वतःच्या हाताने लिहिलेली त्या दिवसाची रोजकीर्द होय.

हिंदुस्थानात हे काम सर्वेक्षण खात्याने हाती घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कच्छच्या आखातापासून आरंभ करून ए. डब्ल्यू. बेअर्ड ह्या लष्करी अभियंत्याने एकेका बंदरावर भरतीयंत्रे उभारली. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून नोंद सुरू झाली, आणि मधले खंड वगळता ती इतकी दीर्घकाळ चालली की संपूर्ण हिंदी महासागरात तिच्याइतकी जुनी व लांब नोंद दुसरी सापडणे कठीण. बेअर्डने आपल्या अनुभवावरून भरतीनिरीक्षणाची एक हस्तपुस्तिका लिहिली. ती १८८६ साली छापून निघाली. राज्यकर्त्यांचा हेतू उघड होता. जहाजे सुखरूप बंदरात यावीत, आणि सर्व देशाची उंची ज्यापासून मोजावयाची ती पायरी पक्की व्हावी, एवढेच त्यांना हवे होते. पण हेतू काहीही असो, वही मात्र उत्तम ठेवली गेली.

ती ठेवणे सोपे नव्हते. यंत्र स्वयंचलित म्हटले तरी त्याच्यापाशी रोज एक माणूस उभा असे. घड्याळाला चावी देणे, कागद बदलणे, लेखणीतील शाई सुकली असेल तर भरणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धक्क्यावर रोवलेल्या खुणेच्या पट्टीवर पाणी कुठवर आहे ते डोळ्यांनी वाचून कागदावर टिपणे. यंत्र काय म्हणते आणि पट्टी काय म्हणते, ह्यांचा मेळ रोज घालावा लागे. पावसाळ्यात दमट हवेने कागद फुगे आणि रेषेचे माप बदले. विहिरीच्या भोकात गाळ साचे, शिंपल्या चिकटत, आणि मग बाहेर भरती पूर्ण झाली तरी आत पाणी चढतच राही. घड्याळ रोज थोडे मागेपुढे होई. ह्या सगळ्या खोडी ओळखून त्या दुरुस्त करणाऱ्या त्या असंख्य अनाम नोकरांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्या हातच्या खुणा मात्र त्या कागदांच्या कडेला आजही आहेत.

कागद कार्यालयात आले की कारकून पट्टी लावून दर तासाची उंची वाची आणि ती तक्त्यात उतरवी. दिवसाचे चोवीस आकडे, वर्षाचे आठ हजार सातशे साठ. ह्या आकड्यांतून चंद्राचा, सूर्याचा, त्यांच्या कमीअधिक अंतराचा असा एकेकाचा भाग वेगळा काढण्याची गणितपद्धती लॉर्ड केल्व्हिन ह्यांच्या पुढाकाराने १८६७ पासून इंग्लंडात सिद्ध होत गेली. हे भाग पुन्हा एकत्र करून पुढच्या वर्षाची भरती वर्तविणारे चाकाकप्प्यांचे एक यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स ह्यांनी १८७९ मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी रचले. लंडनमध्ये ते यंत्र चालवून मुंबईच्या पुढल्या वर्षीच्या भरत्या काढल्या जात. पुढे १९०९ साली देशाच्या किनाऱ्यावरील नऊ भरतीकेंद्रांच्या सरासरीवरून उंचीची पायरी निश्चित झाली, आणि मघाशी सांगितलेली स्थानकावरील ओळ ज्या परंपरेतून आली तिचा पाया घातला गेला.

येथपर्यंत पाहता असे वाटेल की, तक्ते तयार झाले, आता त्या वेड्यावाकड्या रेषांच्या कागदांचे काय काम? रोजकीर्दीवरून खतावणी झाली म्हणजे रोजकीर्द फेकून द्यावी, असे म्हणण्यासारखे ते आहे. देवस्थानच्या कचेरीत बसलेला कोणताही जुना कारभारी ह्यावर मान हलवील. कारण वाद निघाला तर खतावणी नव्हे, मूळ रोजकीर्दच पुढे आणावी लागते, हे त्याला ठाऊक असते. समुद्राच्या बाबतीत असा वाद एकदा नव्हे, अनेकदा निघाला.

३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबार बेटापाशी मोठा भूकंप झाला. त्याने उठविलेल्या लाटा बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर पोहोचल्या, पण त्या फार मोठ्या नव्हत्या. अशी लाट दहा-वीस मिनिटांत चढते आणि तितक्याच वेळात उतरते. तासातासाच्या तक्त्यात ती दोन आकड्यांच्या फटीतून निसटून जाते. परंतु भरतीयंत्राच्या लेखणीने ती कागदावर ओढून ठेवली होती. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर दोघा भूशास्त्रज्ञांनी त्या जुन्या रेषा आकड्यांत उतरविल्या, आणि त्यांवरून तो भूकंप समुद्रतळाच्या कोणत्या भागात व केवढा झाला हे काढले. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्याच समुद्रतळाच्या पट्ट्यात त्याहून कितीतरी भयंकर भूकंप झाला, आणि जे घडले ते वाचकांस सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पश्चिम किनाऱ्याचे आहे. १९४५ च्या नोव्हेंबरात, २८ तारखेच्या पहाटे, मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप होऊन अरबी समुद्रात लाटा उसळल्या. मकरानचा किनारा उद्ध्वस्त झाला. मुंबईतही माणसे बुडाली. कराची आणि मुंबई येथील यंत्रांनी त्या लाटांची रेषा ओढून ठेवली. २०११ साली दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रेषा नव्या गणिताशी ताडून पाहिल्या. तेव्हा असे दिसले की ह्या लाटा किनाऱ्यालगतच्या उथळ पट्टीत अडकून पडतात आणि पुन्हा पुन्हा उसळत राहतात. म्हणजे पहिली लाट ओसरली म्हणून लोकांनी निर्धास्तपणे किनाऱ्यावर परतावे, हे घातक आहे. कोण्या अज्ञात बंदरनोकराने १९४५ साली बदललेला एक कागद आजच्या किनारवासीयाला अशा प्रकारे सावध करतो.

आता वहीचे रूप कसे बदलले ते पाहू. विसाव्या शतकात समुद्राचा अभ्यास धक्क्यावरून खोल पाण्यात गेला, आणि तिथे कागद व शाई नेणे शक्य नव्हते. १९३८ च्या सुमारास अ‍ॅथेलस्टन स्पिलहॉस ह्यांनी पाण्याच्या खोलीबरोबर बदलणारे तापमान नोंदणारे एक यंत्र तयार केले. त्यात काजळी धरलेल्या काचेच्या इवल्याशा पट्टीवर सुई ओरखडा काढी. जहाज चालू असतानाच ते तारेने पाण्यात सोडावयाचे, वर ओढावयाचे, आणि काच काढून भिंगातून वाचावयाची. युद्धकाळात पाणबुड्यांच्या शोधासाठी अशा काचा हजारोंनी भरल्या. पुढे १९५९ ते १९६५ ह्या काळात हिंदी महासागराची जी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, तिच्यात चाळीसच्या आसपास जहाजांनी भाग घेतला. तिच्याच प्रेरणेतून १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. मुक्तीनंतर काही वर्षांतच आमच्या गोव्याला समुद्रशास्त्राचे हे पीठ लाभण्याचा योग जुळून आला, हे येथे सांगितले पाहिजे.

तापमान एका क्षणाचे घेऊन भागते; प्रवाह मात्र महिनोन् महिने पाहावा लागतो. त्यासाठी नॉर्वेतील बर्गेन येथील इव्हार ऑन्डेरा ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात एक प्रवाहमापक बनविला, आणि तो जगभर पसरला. धातूच्या जाड नळकांड्यात यंत्र बंद, बाहेर पाण्याने फिरणारे चक्र आणि प्रवाहाच्या दिशेने वळणारे पाते. नांगर टाकून तो समुद्रात सोडावयाचा. ठरावीक वेळाने तो जागा होई, वेग, दिशा, तापमान हे आकडे आतल्या चुंबकीय फितीच्या रिळावर नोंदवी आणि पुन्हा स्वस्थ बसे. काही महिन्यांनी यंत्र वर काढले म्हणजे मग फीत वाचावयाची. फीत अडकली असेल, ताण बसून तुटली असेल, नळकांड्यात थेंबभर खारे पाणी शिरले असेल, तर त्या महिन्यांची सारी मेहनत बुडाली. आणि हे यंत्र वर येईपर्यंत कोणालाच कळत नसे.

ह्यावर जो उपाय निघाला तोच आमच्या विषयाचा गाभा आहे. यंत्राचे डोळे-कान चांगले होते. दुबळी होती ती त्याची स्मृती. म्हणून पुढल्या पिढीच्या यंत्रांत रिळाची जागा विद्युत्स्मृतीच्या एका लहानशा डबीने घेतली. तिच्यात फिरणारा भागच नाही, म्हणून अडकणे नाही आणि तुटणे नाही. विजेचा खर्चही अल्प. आकड्यांची भाषा मात्र जुनीच ठेवली, म्हणजे जुने हिशेब आणि नवे हिशेब एकमेकांशी बोलू शकावेत.

धक्क्यावरच्या भरतीयंत्रांचेही असेच झाले. विहीर तीच, तरंगक तोच, तार तीच आणि चाकही तेच राहिले. चाकाच्या आसावर एन्कोडर नावाची चकती बसविण्यात आली. चाक किती फिरले ते ती आकड्यांत सांगते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर १९६० नंतरच्या दशकात हे आकडे दर सहा मिनिटांनी कागदी फितीला भोके पाडून नोंदले जात. मग चुंबकीय फीत आली, त्यानंतर विद्युत्स्मृती आली, आणि आता तर यंत्र आपला आकडा साठवून ठेवतानाच तो उपग्रहाकडे किंवा दूरध्वनीच्या जाळ्यातून मुख्य केंद्राकडे पाठवूनही देते. कागद फुगण्याचा प्रश्न मिटला. घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाशी मिळवून घेता येते. तासाला एक आकडा मिळत होता तिथे मिनिटाला एक मिळू लागला. काही ठिकाणी तर तरंगकही गेला. वरून रडारचे किरण पाण्यावर टाकून परतीचा वेळ मोजणारी यंत्रे आली, त्यामुळे भोकात गाळ साचण्याचा प्रश्नच उरला नाही. मांडवीसारख्या नदीमुखात, जिथे पावसाळ्यात लाल मातीचे पाणी लोटते, तिथे ही सोय फार मोलाची.

हा बदल किती निकडीचा होता हे २००४ च्या त्या काळ्या दिवसाने दाखविले. आपल्या किनाऱ्यावरील यंत्रांनी त्या दिवशी लाटा नोंदल्या. पश्चिम किनाऱ्यावर मुरगावच्या यंत्रानेही त्या टिपल्या. पण नोंद यंत्रापाशीच राहिली. जिथे निर्णय घ्यावयाचा तिथे ती वेळेवर पोहोचेल अशी व्यवस्था नव्हती. वहीत लिहिले होते, पण वही वाचणारा कोणी जवळ नव्हता. ह्या धड्यातून हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहितीसेवा केंद्रात त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभी राहिली, व ऑक्टोबर २००७ पासून ती कार्यान्वित झाली. समुद्रापासून इतक्या दूर दख्खनच्या पठारावर बसून आज किनाऱ्याची राखण चालते. गोव्याचा अनुभव तर ह्याच्याही थोडा आधीचा आहे. १२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्राजवळ ८.४ प्रतीचा भूकंप झाला. त्यातून निघालेली लाट क्षीण होत गोव्याला व लक्षद्वीपातील कवरत्तीला पोहोचली, आणि समुद्रविज्ञान संस्थेच्या यंत्रांनी ती तत्काळ, भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून, संकेतस्थळावर दाखविली. गोव्याचे यंत्र पणजीच्या पलीकडे, मांडवीच्या उत्तर तीरावर, वेरें येथे होते. ज्याला डोळ्यांनी ती लाट दिसणेही शक्य नव्हते, अशा घरी बसलेल्या माणसाला तिची रेषा पाहता आली.

इतके सांगितल्यावर वाचक म्हणतील, मग जुने काढून नवे बसवावे, ह्यात अडचण ती कसली? अडचण आहे, आणि ती हिशेबाची आहे. रोजकीर्दीची एक वही संपली की नवी वही उघडताना पहिल्या ओळीवर मागील शिल्लक ओढून घ्यावी लागते. ती ओढली नाही, तर नवी वही कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेली असो, दोन्ही वह्या मिळून एक हिशेब होत नाही. भरतीयंत्राची मागील शिल्लक म्हणजे धक्क्याजवळ पक्क्या दगडात कोरलेली तलखूण. जुन्या यंत्राचा शून्य त्या खुणेच्या किती खाली होता आणि नव्याचा किती खाली आहे, हे सर्वेक्षणाने मोजून लिहून ठेवलेच पाहिजे. एवढ्यानेही भागत नाही. जुने यंत्र आणि नवे यंत्र काही काळ शेजारी शेजारी चालवून दोघांचा मेळ घालावा, असा समुद्रपातळीचे काम करणाऱ्या जगातील संस्थांचा आग्रह आहे. १९३३ पासून जगभरच्या बंदरांची सरासरी समुद्रपातळी एकत्र ठेवणारी एक संस्था इंग्लंडात लिव्हरपूल येथे आहे. तिथे तलखुणेचा इतिहास जुळला नाही तर त्या बंदराची नोंद दीर्घकालीन हिशेबात घेत नाहीत.

ह्या काटेकोरपणाचे कारण आकड्यांतच आहे. उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील जुन्या नोंदी तपासून दोनापावलच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली असा निष्कर्ष काढला की गेल्या शतकात समुद्राची पातळी वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटरच्या आसपास चढत आली आहे. मुंबईची नोंद त्यात आहेच. शंभर वर्षांत वीतभरसुद्धा नव्हे, जेमतेम सात-आठ बोटे. १९९३ पासून उपग्रहांनी जगातील समुद्रांची जी मोजणी केली, तीत हा वेग वर्षाला तीन मिलिमीटरहून अधिक दिसतो. म्हणजे चढण्याची गती वाढली आहे. पण हे कळावयाचे कशावरून? मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी चार-पाच मीटर चढउतार करते, गोव्याला दोन मीटरच्या आसपास. ह्या प्रचंड हालचालीतून मिलिमीटरचा फरक वेचून काढावयाचा, तर शंभर वर्षांची अखंड वही पाहिजे. यंत्र बदलताना चार बोटांची चूक झाली आणि ती कोणी लिहून ठेवली नाही, तर निम्म्या शतकाची खरी वाढ त्या चुकीत बुडून जाते. मग समुद्र चढला की यंत्र खाली सरकले, हे सांगणारा साक्षीदार उरत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस चिंतनीय वाटते. नवी स्मृती जुनीपेक्षा विशाल आहे, वेगवान आहे. पण ती जुनीपेक्षा दीर्घायुषी आहे असे मात्र म्हणता येत नाही. १८८१ चा कागद आज उजेडात धरला की वाचता येतो. पन्नास वर्षांपूर्वीची चुंबकीय फीत वाचावयाची तर तिला फिरविणारे यंत्र शोधावे लागते, आणि ते मोडीत निघालेले असते. विद्युत्स्मृतीची डबी सुस्थितीत असली तरी तिच्याशी बोलणारे साधन राहिले नाही, म्हणजे ती मुकी झाली. मोडी लिपीतील दप्तरे समोर असून ती वाचणारा मिळत नाही, ह्या दुःखाचा अनुभव आपल्याला आहेच. फरक इतकाच की मोडी शिकता येते, मोडलेले यंत्र शिकता येत नाही. हे संकट ओळखून १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर समुद्रनोंदींच्या शोधाचा व बचावाचा एक उपक्रम सुरू झाला. गोदामांत पडलेले तक्ते, काजळीच्या काचा, जुन्या फिती बाहेर काढून त्यांतील आकडे नव्या साठ्यात उतरविण्याचे ते काम. त्याला ‘माहितीचे पुरातत्त्व’ असे नाव पडले, आणि ते यथार्थ आहे.

तात्पर्य, यंत्राला नवी स्मृती देणे हे निम्मे काम झाले. जुन्या स्मृतीतील नोंद नवीत सुखरूप उतरविणे, आणि तरीही मूळ जपून ठेवणे, हे उरलेले निम्मे. पहिल्या कामासाठी पैसा आणि कारखाना लागतो. दुसऱ्यासाठी लागतो तो धीर, व आपण ज्याचा उपयोग पाहणार नाही अशी वस्तू सांभाळण्याची वृत्ती. १८८१ चे कागद कपाटात ठेवणाऱ्याला २००३ सालची कल्पना असणे शक्य नव्हते. कागद टाकून देऊ नयेत, इतकेच त्याला कळत होते.

आम्ही आरंभी खाजनांचा उल्लेख केला, तो उगाच नव्हे. समुद्र सात-आठ बोटे चढला तर मुंबईच्या धक्क्याला ते जाणवणार नाही. पण मानसीच्या दाराला ते जाणवेल. ओहोटीचे पाणी पूर्वीइतके उतरले नाही म्हणजे आतल्या पाण्याचा निचरा तितका होत नाही, आणि उधाणाच्या दिवशी बांधाच्या माथ्यावरून पाणी येते. बांध किती उंच करावा, मानस कुठे हलवावी, हे ठरविण्यासाठी जी वही लागेल ती अंशतः वेरेंच्या धक्क्यावर लिहिली जात आहे आणि अंशतः आपल्याच गावांत पडून आहे. गावकरीच्या जुन्या दप्तरांत कोणत्या साली बांध फुटला, दुरुस्तीस किती खर्च आला, कोणत्या शेतात खारे पाणी शिरले, ह्याच्या नोंदी असतात. लिहिणाऱ्याने त्या पैशाच्या हिशेबासाठी लिहिल्या. पण त्याही समुद्राच्याच नोंदी आहेत. ज्यांच्या घरी, माडीवर किंवा देवळाच्या कोठीत असे कागद असतील, त्यांनी ते वाळवीच्या हवाली करू नयेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, तारखा व ठिकाणे स्पष्ट लिहून ठेवावीत, आणि छायाचित्रे घेतली म्हणून मूळ कागद टाकूनही देऊ नयेत.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ अर्पण करतो. त्या दिवशी सायंकाळी वेरेंच्या धक्क्यावर उभे राहिले, तर लोकांच्या गर्दीपासून जरा बाजूला ते यंत्र आपल्या कामात असेल. पौर्णिमेचे उधाण असेल. पाणी किती चढले ते त्याने मिनिटामिनिटाला लिहिलेले असेल. दुसऱ्या दिवशी तो आकडा शिळा होईल, आणि शंभर वर्षांनी कदाचित त्याचीच कोणास फार गरज पडेल.